कांगारूचा मग

अमेरिका मी पाहिलेली नाही. तिच्याबद्दल जे काही कळलं ते ऑस्ट्रेलियात, मेलबर्नजवळच्या क्रेगीबर्नच्या आमच्या घरात, दोन खोल्यांमधल्या बोळात उभं राहून, नातीच्या तोंडून.

नात दहावीत आहे. इथे दहावीची आपल्यासारखी धास्ती नसते, पण प्रोजेक्ट फार. इतिहासाच्या बाईंनी तिला अमेरिकेला वळण देणाऱ्या घटना एका लांब कागदावर क्रमाने मांडायला सांगितल्या होत्या. कागद तिच्या खोलीत मावेना, म्हणून तिने तो बोळातल्या भिंतीला चिकटवला. बाथरूमच्या दाराशी इंग्रजांचं राज्य झुगारलं, आणि माझ्या खोलीच्या दाराशी आजचे दिवस. मधे सगळी अमेरिका. तोंड धुवायला जायचं तरी ती ओलांडून जावं लागायचं.

माझी शाळा चौथीला सुटली. मराठी वाचते, सावकाश. इंग्रजी अक्षरं ओळखते, पण शब्द लागत नाहीत. म्हणून नात एकेक चौकट रंगवायची आणि मला सांगायची. अर्धं इंग्रजीत, अर्धं तिच्या तोडक्यामोडक्या मराठीत. मी बोलणारी बाई नाही. चार माणसांत मी मागे बसते, लहानपणापासून. पण त्या बोळात मी पुष्कळ प्रश्न विचारले.

त्याच दिवसांत मी कामाला जायला लागले होते. दोन गल्ल्या सोडून एक मराठी बाई राहतात, घरून टिफिन चालवतात. दिवाळीच्या आधी त्यांच्याकडे फराळाच्या ऑर्डरी येतात आणि हात कमी पडतात. लेकीने त्यांचा मेसेज वाचून दाखवला. म्हणाली, "आई, चकल्या तर तुझ्यासारख्या इथे कुणाला येत नाहीत. जाशील?" मी लगेच नाही म्हणाले. मग रात्रभर मनात घोळवलं आणि सकाळी म्हणाले, जाते.

लेक वृद्धांच्या केंद्रात काम करते, जावई बस चालवतात, नात शाळेत. दिवसभर घरात मी आणि फ्रीजची घरघर. इथे येऊन एवढी वर्षं झाली, पण एकटी म्हणून मी कोपऱ्यावरच्या पत्रपेटीपलीकडे गेले नव्हते. आता मी सकाळी छत्री घेऊन निघायची. छत्री पावसासाठी नाही. इथे वसंतात मॅगपाय नावाचा काळा-पांढरा पक्षी घरट्याच्या राखणीला डोक्यावर झडप घालतो. छत्री डोक्यावर धरून मी त्याच्या झाडाखालून जायची आणि पलीकडे पोचले की मनात म्हणायची, झालं. दोन बायका तिथे मराठी बोलत माझी वाट बघत असायच्या. यापेक्षा मला काही नको होतं.

टिफिनवाल्या ताई माझ्याहून बऱ्याच लहान, पण मी त्यांना ताईच म्हणते. दुसरी एक कोल्हापूरची मुलगी. शिकायला आली होती, आता इथेच कायमची झाली. दुपारून गोदामात शिफ्टला जायची, सकाळी आमच्यात. तिच्या तोंडाला कधी कुलूप नाही.

"मावशी, तुमचा सोऱ्या बघून माझी चकली लाजून सरळच पडतीय बघा," म्हणायची. "मी हिला शेव म्हणून विकू का?"

"आधी भाजणी नीट भिजव," ताई म्हणायच्या. "मग जोक कर."

गॅरेजात ओटा आणि शेगड्या मांडल्या होत्या. सकाळच्या मध्यावर ताई हाक मारायच्या, "चला, चहा." मग आम्ही तिघी आत जायचो, जेवणाच्या टेबलाशी बसायचो. सगळे कप एकसारखे, पांढरे, बिननक्षीचे, कपाटात एकावर एक रचलेले.

एक दिवस करंज्या भरताना ताईंनी सहज विचारलं, "मावशी, तुमच्याकडे गौरी उभ्या की खड्याच्या?"

आपल्या माणसांना या प्रश्नाचा अर्थ सांगायला नको. आडनावावरून कळलं नाही की गौरी विचारतात, कुलदैवत विचारतात, मुंज करता का ते विचारतात. हिंडून फिरून एकाच दाराशी येतात. मी हातातली करंजी कातून घेतली आणि म्हणाले, "आमच्याकडे गौरी नसतात, ताई. आम्ही बौद्ध."

"हो का? अच्छा, अच्छा," ताई म्हणाल्या. "माझी एक मैत्रीण होती कॉलेजात. खूप हुशार." आणि वेलची कुटायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ताईच बाहेर आल्या. हातात कागदी कप, झाकण लावलेला, बाहेर दुकानात मिळतो तसा. "मावशी, तुम्ही इथेच बसा, छान ऊन आलंय. कप धुवायची पण कटकट नको." गॅरेजच्या उघड्या शटरपाशी त्यांनी खुर्ची मांडून दिली. कोल्हापूरची आत गेली. आतून तिच्या हसण्याचा आवाज आला.

मी मनाला समजावलं, ऊन खरंच छान आहे. त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच. त्याच्याही पुढच्या. आभाळ भरून आलं, वारा सुटला, तरी खुर्ची शटरपाशीच.

माझ्या गावी एसटीच्या थांब्यावर एक हॉटेल होतं. हॉटेलाच्या बाहेरच्या भिंतीला खुंटी होती आणि खुंटीला दोन काचेचे ग्लास उलटे अडकवलेले. ते आमचे. आमच्या माणसाने ग्लास स्वतः काढायचा, स्वतः विसळायचा, पुढे धरायचा. वरून चहा ओतायचे. पिऊन झाला की पुन्हा विसळून खुंटीला. माझे वडील तिथे कधी चहा प्यायले नाहीत. कुणी म्हटलंच तर म्हणायचे, "आत्ताच पिऊन आलो." पुढे आम्ही पुण्याला आलो, खुंटी राहिली मागे, तरी कुणाच्याही घरी गेले की वडील हेच म्हणायचे. सोयरिकीला गेले तरी तेच. चहा त्यांना फार आवडायचा. घरी दोन-दोन कप प्यायचे.

आणि एक दिवस ताई कागदी कप घेऊन आल्या तेव्हा माझ्या तोंडून गेलं, "नको ताई, आत्ताच पिऊन आले." माझा आवाजच मला ओळखू आला नाही.

त्या संध्याकाळी नात बोळात फतकल मारून बसली होती. कागदावर ती आता माझ्या खोलीच्या बरीच जवळ आली होती. मागच्या आठवड्यात तिने मला मोठी लढाई सांगितली होती, उत्तरेची आणि दक्षिणेची, आणि गुलामगिरी कायद्याने संपली ती. मी तेव्हा म्हणाले होते, "चला, सुटले बिचारे." तर नात म्हणाली होती, "नॉट रियली, आजी." थोडी वर्षं काळ्या पुरुषांनी मतं दिली, निवडूनही आले. मग दक्षिणेत हळूहळू सगळं परत काढून घेतलं. मत द्यायचं तर आधी वाचून दाखवा म्हणाले. शाळा वेगळी, रेल्वेचा डबा वेगळा, पाण्याचा नळ वेगळा. वर कोर्टाने म्हटलं, वेगळं असलं तरी सारखंच आहे, मग तक्रार कसली?

आज तिच्या चौकटीत एक लांब ओटा होता आणि त्यापुढे उंच स्टुलांवर चार मुलं पाठमोरी.

"हे कोण?"

"कॉलेजची मुलं, आजी. एका मोठ्या दुकानात खायचं काउंटर होतं. दुकानात सगळ्यांनी खरेदी करायची, नो वरीज. पण काउंटरला ओन्ली गोऱ्यांनी बसायचं. ही चौघं जाऊन बसली आणि कॉफी मागितली."

"मारलं असेल."

"त्या दिवशी नाही. पण कॉफी नाही दिली. ते बसूनच राहिले. दुकान बंद होईपर्यंत. नेक्स्ट डे परत आले, जास्त मुलं घेऊन. मग दुसऱ्या गावांत पण सुरू झालं. लोक अंगावर केचप ओतायचे, सिगरेटचे चटके द्यायचे. दे जस्ट सॅट."

"तिथे रांधत कोण होतं?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"काउंटरच्या मागे. खायला कोण करत होतं?"

नात टॅबलेटवर शोधत राहिली. मग तिने भुवया उंचावल्या. "काळ्या बायकाच, आजी. त्या तिथे काम करत होत्या. अँड गेस व्हॉट, काही महिन्यांनी मालकाने हार मानली ना, तेव्हा पहिल्यांदा त्या काउंटरला कोण बसलं? त्याच. तिथल्याच कामवाल्या. एकीने अंड्याचं सँडविच मागवलं. तिने स्वतःच केलेलं होतं ते."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. स्वतः केलेलं आणि बसून खाल्लेलं. हाताने मळलेली भाजणी चालते, हाताने भरलेली करंजी चालते, ती डब्यात भरून सगळ्या मेलबर्नला जाते. फक्त माझे ओठ लागलेला कप चालत नाही.

जेवताना मी घरात सांगितलं. लेकीचा घास हातातच राहिला. "मी आत्ता फोन करते तिला."

"करू नकोस."

"आई, हे इथे चालत नाही. कंप्लेंट करता येते."

जावई म्हणाले, "आई, सोडून द्या ते काम. तुम्हाला काय गरज आहे?"

"गरज आहे," मी म्हणाले. एवढं मोठ्याने मी जावयांसमोर कधी बोलले नव्हते. "मला तिथे जायचंय. आणि मला कपात चहा प्यायचाय. मी बघते."

"बघते म्हणजे काय करणार?" लेक म्हणाली. "तू तर दुकानात उरलेले सुटे मागायला लाजतेस."

"बसणार," मी म्हणाले. नातीने माझ्याकडे बघितलं आणि ताटात तोंड घालून हसली.

दुसऱ्या दिवशी चहाची हाक आली. ताई कागदी कप घेऊन बाहेर यायच्या आत मी हात धुतले, पदराला पुसले आणि कोल्हापूरचीच्या मागोमाग आत गेले. टेबलाशी माझ्या जुन्या खुर्चीवर बसले. पाय खुर्चीच्या दांडीला अडकवले.

ताई वळल्या, मला बघून थबकल्या. "अगं बाई, मावशी, आत आलात?" त्यांनी कागदी कप माझ्यापुढे ठेवला.

मी तो हाताने थोडा बाजूला सारला. घरून निघताना वाक्य पाठ केलं होतं, तेच म्हणाले. "घाई नाही, ताई. कप मोकळा झाला की द्या."

कोल्हापूरचीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग कपाटाकडे. "मोकळा म्हणजे? कपाटात ढिगानं आहेत की ओ."

"ते सगळे काढायचे म्हणजे..." ताई म्हणाल्या. "डिशवॉशर भरलाय आज."

"मी थांबते," मी म्हणाले.

कोल्हापूरचीने हातातला चमचा खाली ठेवला. तिला कळत होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं. तिने आपला कप माझ्यापुढे सरकवला. "हा घ्या मावशी. मी अजून तोंड लावलं नाही."

"तो तुझा आहे, बाळा. तू पी." मला चहाची तहान नव्हती. तिने दिलेला कप मला चालला असता, पण त्याने माझं काम होणार नव्हतं.

चहा संपला. माझ्या पुढचा कागदी कप झाकणासकट थंड झाला. मी उठले, गॅरेजात गेले, सोऱ्या हातात घेतला. पुढच्या दिवशी पुन्हा तसंच. पुन्हा आत, पुन्हा खुर्ची, पुन्हा "घाई नाही, ताई." त्या दिवशी कोल्हापूरचीनेही चहा घेतला नाही. "मला पण घाई नाही," म्हणाली आणि हाताची घडी घालून बसली.

ताईंचा चेहरा लाल झाला. "मावशी, तुमच्या मनात काय आहे ते मला कळत नाही. मी असलं काही मानत नाही. माझ्याकडे सगळे येतात, इटालियन शेजारी येतात, श्रीलंकन येतात. तुम्ही उगाच गैरसमज करून घेताय."

मी खाली बघितलं. पण उठले नाही.

घरी येताना वाटलं, उद्या त्या नका येऊ म्हणतील. मॅगपायच्या झाडाखाली पोचले तर छत्री उघडायची विसरले होते. त्याने टपली मारली. मारू दे म्हटलं.

त्या नका येऊ म्हणाल्या नाहीत. ऑर्डरी तुंबल्या होत्या, हेही असेल. तिसऱ्या दिवशी मी जाऊन बसले तर ताईंनी आतल्या खोलीतून एक मग आणला. त्याच्यावर उड्या मारणारा कांगारू होता, परदेशी पाहुणे विकत घेतात तसा. त्यात चहा ओतून माझ्यापुढे ठेवला. "घ्या. खास तुमच्यासाठी काढला."

मी चहा प्याले. गरम होता, आल्याचा. जीभ भाजली तरी थांबले नाही. संध्याकाळी नातीला सांगितलं तर तिने बोळातच मला मिठी मारली. "आजी, यू डिड अ सिट-इन!"

मी त्या रात्री शांत झोपले. सकाळी पुन्हा गेले. चहाच्या वेळी ताईंनी कपाट उघडलं, दोन पांढरे कप काढले. मग हात धुवायच्या सिंकवरच्या खिडकीकडे वळल्या. खिडकीच्या कट्ट्यावर, झाडाच्या कुंडीशेजारी, कांगारूचा मग एकटाच उलटा ठेवलेला होता.

मला एसटीचा थांबा दिसला. खुंटी दिसली. नातीच्या कागदावरची ती चौकट आठवली, जिथे मी म्हणाले होते, सुटले बिचारे. वेगळं असलं तरी सारखंच. कांगारूचा मग चांगला होता, पांढऱ्या कपांपेक्षा महागाचा असेल. आलंही तेवढंच. तक्रार कसली?

मी त्या दिवशी त्यातला चहा प्याले. भांडायची रीत मला येत नाही, आणि एक घोट घेईपर्यंत काय करायचं ते सुचलंही नव्हतं. शेवटचा घोट घेताना सुचलं.

"ताई, आज कप मी धुते," मी म्हणाले.

"राहू द्या हो, डिशवॉशर आहे की."

"हातासरशी होतील."

मी तिघींचे कप सिंकमध्ये घेतले. मग कपाट उघडलं आणि रचलेले सगळे पांढरे कपही खाली काढले. "किती धूळ बसते ना," म्हणाले. कोल्हापूरची उठून माझ्याशेजारी आली, फडकं घेतलं. मी धुवायची, ती पुसायची. धुता धुता मी एक पांढरा कप नळाखाली भरला आणि तिथेच उभ्याने पाणी प्याले, घटाघटा, ताईंच्या डोळ्यांदेखत. मग तोही फेसात टाकला. तोही विसळला. सगळे एकसारखे, पांढरे, बिननक्षीचे. कोणता कोणता ते आता मलाही सांगता आलं नसतं.

आम्ही कप कपाटात एकावर एक रचले. मधल्या रांगेत जागा करून कांगारूचा मगही तिथेच बसवला. दार लावलं.

"झालं," कोल्हापूरची म्हणाली. "आता लॉटरी."

ताईंनी त्या दिवशी मला घरी जाताना चकलीचा डबाही दिला नाही, रोज द्यायच्या. मी घरी कुणाला काही सांगितलं नाही. ठरवलं होतं, उद्या पुन्हा जायचं. कांगारू खिडकीत दिसला तर पुन्हा सगळे धुवायचे. परवा दिसला तर परवा. मी चौथी शिकलेली, मला कायदा माहीत नाही, पण भांडी घासायचा कंटाळा मला आयुष्यात कधी आला नाही.

सकाळी खिडकीत फक्त कुंडी होती.

चहा उकळला. मी माझ्या खुर्चीवर बसले, पाय दांडीला अडकवून. ताईंनी कपाट उघडलं आणि त्यांचा हात हवेत थांबला. एक कप घेतला, परत ठेवला. दुसरा घेतला. तोही जरा वेळ हातात धरून राहिल्या. कोल्हापूरची माझ्याकडे बघेना, मी तिच्याकडे बघेना. मग ताईंनी हाताला लागतील तसे तीन काढले. त्यात एक कांगारूचा होता. तो त्यांनी कोल्हापूरचीपुढे ठेवला, एक पांढरा माझ्यापुढे, आणि एक स्वतःकडे ओढला.

"अय्या, मला प्राणी," कोल्हापूरची म्हणाली.

ताई कपाच्या काठाकडे बघत होत्या. चहाची वाफ त्यांच्या चष्म्यावर आली. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि एक घोट घेतला. लहानसा. मग दुसरा.

"साखर कमी पडली का हो, मावशी?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता.

खरं तर कमी पडली होती. "थोडी घाला," मी म्हणाले आणि माझा कप पुढे केला.